सुई बघून भोवळ येते? अंग सैल सोडू नका, आवळा

सुई टोचायच्या आधी शेजारी कुणीतरी हमखास सांगतं, ‘घाबरू नका, अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या.’ रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते, त्यांना नेमका हाच सल्ला बाधतो.

पाल, कुत्रा, उंची यांची भीती वाटली की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. म्हणून पालीला घाबरून माणूस किंचाळतो, पळतो, पण सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भीतीचं तसं नाही. तिथे आधी रक्तदाब थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पोटात आणि पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. आधीच उतरणाऱ्या रक्तदाबात अंगही सैल सोडलं, तर तो आणखी उतरायला मदतच होते. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे चक्कर वाढतेच.

हा भित्रेपणा नव्हे. धट्टीकट्टी माणसंही अशीच कोसळतात, आणि बऱ्याचदा आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरी हाच त्रास असतो.

यावरचा उपाय स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ साली मांडला: स्नायू आवळून रक्तदाब वर ठेवायचा. हे आयत्या वेळी जमत नाही, आठवडाभर आधीपासून घरी सराव करावा लागतो.

१. खुर्चीत नीट टेकून बसा. दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकदम आवळा. १० ते १५ सेकंद, म्हणजे चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. श्वास मात्र चालू ठेवा. दम कोंडून कुंथलात तर परिणाम उलटा होतो.

२. सोडा, पण पार ढिले पडू नका. नेहमी बसता तेवढंच सैल व्हा. २० ते ३० सेकंद थांबा.

३. असं पाच वेळा करा. दिवसातून पाच वेळा हा सराव व्हायला हवा. डोकं दुखायला लागलं तर जोर कमी करा.

दोन-तीन दिवसांनी एक हात मांडीवर निवांत ठेवून बाकीचं अंग आवळायला शिका. रक्त घेतात तो हात ताठरलेला असेल तर शीर मिळायला त्रास होतो आणि टोचलेलं जास्त दुखतं. बहुतेकांची गडबड इथेच होते: पाय आवळले की हातही आपोआप आवळला जातो.

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा किंवा डोळ्यांच्या काचबिंदूचा आजार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नका.

तपासणीच्या दिवशी निघण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी प्या. उपाशीपोटी करायच्या तपासणीलाही साधं पाणी बहुतेक वेळा चालतं, लॅबला फोन करून विचारून घ्या. उपाशी राहायची अट नसेल तर खाऊन जा. लॅबमध्ये पोचल्याबरोबर सांगा, ‘मला भोवळ येते, आडवं झोपवून रक्त घ्या.’ यात संकोच कसला? तुम्ही स्टुलावरून पडण्यापेक्षा त्यांनाही हेच सोयीचं. दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत स्पिरिटचा गार बोळा फिरला, की आवळायला सुरुवात करा. सुई निघेपर्यंत चालू ठेवा.

सगळ्यात फसवी वेळ यानंतरची. कापूस दाबून ‘झालं एकदाचं’ म्हणत माणूस ताडकन उठतो आणि काउंटरपाशी किंवा जिन्यात पडतो. दहा मिनिटं तिथेच थांबा, आधी उठून बसा, मग उभे राहा. रक्तदानानंतर तर चहा-बिस्किटं संपेपर्यंत हलूच नका, आणि लगेच स्कूटर चालवू नका.

जांभया येणं, कानात दडे बसणं, गार घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी: हे सगळं पडण्याच्या आधीचं. हातात काही सेकंद असतात. तिथल्या तिथे आडवे व्हा, फरशीवर झालं तरी चालेल. तेही शक्य नसेल तर खाली बसून डोकं गुडघ्यांत घाला.

कुणी पडलंच तर त्याला उठवून खुर्चीत बसवू नका. उभं किंवा बसतं धरलं की मेंदूला रक्त पोचत नाही आणि बेशुद्धी लांबते. उताणं झोपवा, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच ठेवा, गळ्याशी आवळलेले कपडे सैल करा. या अवस्थेत हातपाय काही क्षण झटकले जाऊ शकतात. त्याला लगेच फिट समजून चप्पल किंवा कांदा हुंगवत बसू नका, आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. बहुतेक जण मिनिटाच्या आत डोळे उघडतात. तसं झालं नाही, किंवा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करा. व्यायाम करताना किंवा झोपल्या जागी भोवळ आली, छातीत दुखलं, किंवा सुई-रक्ताचा काहीच संबंध नसताना कुणी पडलं, तर ही साधी भीती समजू नका, हृदयाची तपासणी करून घ्या.

आवळायचं तंत्र जमलं की भीतीकडे वळा. आधी सुईचं चित्र, मग रक्त घेतानाचा व्हिडिओ, मग मेडिकलमधून आणलेली बंद पाकिटातली सिरिंज हातात धरणं, मग कुणासोबत तरी लॅबमध्ये जाऊन बसणं, शेवटी स्वतःचं रक्त देणं. प्रत्येक पायरीवर भीतीला १० पैकी गुण द्या. सात असतील तर तीनवर येईपर्यंत स्नायू आवळत बघत राहा. सात असतानाच नजर फिरवून उठलात, तर पळालो म्हणून वाचलो हीच गाठ मनात पक्की होते आणि पुढच्या वेळी त्याच पायरीवर आठ लागतात. भोवळच येतेय असं वाटलं तर आडवे व्हा, सावरा आणि त्याच दिवशी एक पायरी खालून पुन्हा सुरू करा.