सी मध्ये स्कॅनएफ थांबतच नाही? कीबोर्ड बफरच्या या चुका टाळा

सी भाषेत मेनूवाला प्रोग्राम लिहिलाय, कीबोर्डवरून वाचायला स्कॅनएफ हे फंक्शन वापरलंय, आधी नंबर विचारतो, मग "अजून करायचं का, वाय की एन" असं विचारतो आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही बोट लावायच्या आत प्रोग्राम पुढे निघून जातो. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये हे इतकं होतं की पोरं कंपायलरला शिव्या घालून मोकळी होतात, पण कंपायलरचा यात काही दोष नाही. तुम्ही २५ टाईप करून एंटर मारलं तेव्हा प्रोग्रामकडे तीन कॅरेक्टर गेले: २, ५ आणि एंटरचा न्यूलाइन. स्कॅनएफ मधल्या %डी ने (पूर्णांक वाचायची खूण) २ आणि ५ उचलले, न्यूलाइन हा आकडा नाही म्हणून तो तिथेच, बफरमध्ये (टाईप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं ती जागा) सोडला. मग एक कॅरेक्टर वाचणारा %सी आला, त्याला काय, कुठलाही एक कॅरेक्टर चालतो, त्याने तो न्यूलाइन घेतला आणि झालं. पटत नसेल तर %सी ने वाचलेला कॅरेक्टर %डी ने प्रिंट करून बघा, १० दिसेल, तोच न्यूलाइनचा आस्की कोड, म्हणजे त्याचा ठरलेला नंबर.

उपाय एका स्पेसचा आहे. %सी च्या आधी, कोट्सच्या आतच, एक स्पेस द्या. त्या स्पेसचा अर्थ, पुढे जेवढे स्पेस, टॅब, न्यूलाइन असतील ते सगळे खाऊन टाक आणि मग वाच. %डी, %एफ (दशांश आकडा) आणि %एस (शब्द) हे आपणहून करतात, म्हणून नुसते आकडे घेणाऱ्या प्रोग्राममध्ये ही भानगड कधी दिसतच नाही. आता हीच स्पेस (किंवा बॅकस्लॅश एन, म्हणजे न्यूलाइन) काही जण %डी च्या नंतर टाकतात आणि मग म्हणतात प्रोग्राम हँग झाला. हँग नाही झालेला, स्कॅनएफ रिकाम्या जागा खात बसलाय आणि दुसरं काहीतरी खरं टाईप होईपर्यंत परत येणार नाही.

आता एफफ्लश, बफर मोकळा करायचं फंक्शन. "स्कॅनएफ च्या आधी एसटीडीआयएन फ्लश करा" (एसटीडीआयएन म्हणजे कीबोर्डचं इनपुट) ही ओळ टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळापासून जर्नलमधून जर्नलमध्ये उतरत आलीये आणि आपल्याकडे कितीतरी कॉलेजात अजून टर्बो सी च चालतो, तिथे ती काम करते पण, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण सी स्टँडर्डमध्ये एफफ्लश फक्त आउटपुटसाठी आहे, कीबोर्डवर वापरला तर काय होईल याची काहीही गॅरंटी नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत पूर्वी बफर साफ व्हायचा, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून होत नाही. लिनक्सच्या टर्मिनलवर तर राहिलेलं सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणजे लॅबमध्ये चाललेला प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर बिघडतो आणि एरर एकही येत नाही. माझं मत विचाराल तर ही ओळ दिसली की सरळ खोडा.

बफर खरंच रिकामा करायचा असेल तर गेटचार ने एकेक कॅरेक्टर वाचत फेकत जायचं, न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत. इथे लोक दोन ठिकाणी फसतात. गेटचारचं उत्तर कॅर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात, ते इंट मध्येच पाहिजे, कारण ईओएफ ही निगेटिव्ह किंमत आहे आणि रास्पबेरी पाय सारख्या एआरएम लिनक्स मशीनवर साधा कॅर अनसाइन्ड असतो, म्हणजे निगेटिव्ह किंमत धरत नाही, तिथे ती तुलना कधीच जुळत नाही आणि लूप संपत नाही. आणि दुसरं, बफरमध्ये काही उरलेलं नसताना हा लूप चालवला तर तो नवीन एंटरची वाट बघत बसतो, म्हणून प्रत्येक स्कॅनएफ नंतर डोळे मिटून चिकटवू नका.

सगळ्यात भयानक दिसणारा प्रकार म्हणजे स्क्रीनवर मेनू धडाधड पळत सुटतो. आकडा मागितला होता, कुणीतरी एबीसी टाईप केलं. %डी ला आकडा मिळाला नाही, त्याने ए ला हातही न लावता शून्य रिटर्न केलं, लूप परत वर गेला, समोर परत तोच ए. स्कॅनएफ ची रिटर्न व्हॅल्यू न तपासता पुढे जाणं हीच मुळात चूक. १ आलं तर एक किंमत नीट वाचली गेली, ० आलं तर वरच्या गेटचारच्या लूपने ती ओळ फेकून परत विचारा, ईओएफ आलं तर बाहेर पडा, परत विचारत बसू नका.

%एस ने नाव घेणाऱ्यांचंही हेच होतं. नाव आणि आडनाव स्पेस देऊन टाईप केलं की फक्त नाव जातं, आडनाव बफरमध्ये थांबतं आणि पुढच्या रोल नंबरच्या %डी ला जाऊन धडकतं. मग कुणीतरी पूर्ण ओळ वाचणारं गेट्स सुचवतं. गेट्स नको! आपल्याकडे जागा किती आहे हे त्याला सांगताच येत नाही, १९८८ चा मॉरिस वर्म (नेटवर्कवर आपोआप पसरणारा प्रोग्राम) युजरची माहिती देणाऱ्या फिंगर सर्व्हरमध्ये याच गेट्सच्या भोकातून शिरला होता आणि २०११ च्या स्टँडर्डमधून तर तो काढूनच टाकलाय.

त्यापेक्षा एफगेट्स ने पूर्ण ओळ वाचा आणि मग त्या ओळीतून एसस्कॅनएफ किंवा स्ट्रटॉल ने आकडा काढा. ओळ अख्खी उचलली की मागे न्यूलाइन उरतच नाही, वर लिहिलेल्या बहुतेक भानगडी इथेच मिटतात. फक्त एफगेट्स न्यूलाइन स्ट्रिंगमध्ये ठेवतो, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही दोन स्ट्रिंगची तुलना करणारा स्ट्रकंप "वेगळं" म्हणतो, तो न्यूलाइन आधी उडवा. आणि स्ट्रिंगमध्ये न्यूलाइन सापडलाच नाही तर बहुतेक ओळ तुमच्या ॲरेपेक्षा लांब होती, उरलेली शेपटी अजून बफरमध्ये आहे, ती गेटचारच्या लूपने काढा. एकाच प्रोग्राममध्ये थोडं स्कॅनएफ, थोडं एफगेट्स अशी खिचडी केलीत तर पहिलाच प्रॉब्लेम परत येतो, एफगेट्स ला उरलेला न्यूलाइन मिळतो आणि नाव रिकामं येतं.

काही वेळा इनपुटचा प्रॉब्लेमच नसतो. आयडीईच्या (कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलमध्ये "नंबर द्या" हे दिसतच नाही, टाईप केल्यावर सगळं एकदम येतं. ते प्रिंटएफ चं लिहिलेलं आउटपुटच्या बफरमध्ये अडकलेलं असतं, तिथे एसटीडीआउट (स्क्रीनचं आउटपुट) वर एफफ्लश द्या, तो मात्र शंभर टक्के कायदेशीर आहे.