परदेशातल्या मुक्कामाचे दिवस कसे मोजावेत

लातूर-नांदेडकडे आता बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी बाहेरदेशी असतं. लेक जर्मनीत नोकरीला, पुतण्या कझाकस्तानात एमबीबीएसला, आणि दिवाळीच्या सुट्टीत थायलंड-मलेशियाची टूर. व्हिसा लागत नाही किंवा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे अनेकदा आत-बाहेर करता येणारा, मिळालाय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तिथे किती दिवस राहायचं याला मर्यादा असते, आणि ती ओलांडली तर जाब प्रवाशालाच द्यावा लागतो. तिकीट काढून देणारा एजंट त्या वेळी विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या इमिग्रेशनच्या खिडकीपाशी उभा नसतो.

तिकिटाच्या आधी, जिथे जायचं त्या प्रत्येक देशाबद्दल दोन गोष्टी लिहून काढा. एका खेपेला किती दिवस राहता येतं? आणि सगळ्या खेपा मिळून, कोणत्या काळात किती?

दुसरा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कझाकस्तानाने जुलै 2022 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय एका खेपेला 14 दिवस दिले, पण 180 दिवसांत एकूण 42च. मुलाला भेटायला तीनदा पूर्ण 14 दिवस राहून आलात की त्या 180 दिवसांपुरती सवलत संपली. मलेशियाची सवलत 30 दिवसांची आहे आणि ती 31 डिसेंबर 2026 पर्यंतच जाहीर झालेली आहे. थायलंडने जुलै 2024 मध्ये 60 दिवस दिले. नेपाळला आपल्याला व्हिसाही नाही आणि दिवसांची अटही नाही. हे नियम फिरतात: सर्बियाने भारतीयांची व्हिसामुक्त सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंदच केली. म्हणून त्या देशाच्या दूतावासाचं किंवा इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ तिकीट काढताना बघा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘व्हिसा-फ्री’ देशांची यादी केव्हाची आहे ते कळत नाही, तिच्यावर विसंबू नका.

आता एक वही करा. रकाने पाच: देश, आत गेल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, झालेले दिवस, शिल्लक. तारीख तिकिटावरची लिहायची नाही, इमिग्रेशनच्या खिडकीवरची लिहायची. मुंबई किंवा हैदराबादहून रात्री उशिरा सुटलेलं विमान बँकॉकला दुसऱ्या तारखेला उतरतं, शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. इतरत्रही तसंच धरून चाला, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होईल. विमानतळावर नुसतं विमान बदललं आणि इमिग्रेशन ओलांडलं नाही, तर तो दिवस धरायचा नाही.

महिन्यांत तर मोजूच नका. ‘तीन महिन्यांचा व्हिसा आहे’ असं म्हणत 1 जुलैला गेलेला माणूस 30 सप्टेंबरला निघाला तर त्याचे 90 नाही, 92 दिवस होतात.

शेंगेनचा हिशोब सगळ्यात जास्त चुकतो. आपल्याला तिथे व्हिसा लागतोच, पण हातात मोठ्या मुदतीचा मल्टिपल एंट्री व्हिसा असला तरी कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. सध्या या गटात 29 देश आहेत आणि सगळ्यांचे दिवस एकाच खात्यात जमा होतात. जर्मनीतून चार दिवस पॅरिसला गेलात तरी मोजणी चालूच राहते. आयर्लंड किंवा इंग्लंडला गेलात तर तेवढे दिवस मोजणीत येत नाहीत, पण आधीचे पुसलेही जात नाहीत. दुधाच्या रतिबाचा हिशोब एक तारखेला नव्याने सुरू होतो, तसं इथे नाही. रोज, त्या दिवसासह मागचे 180 दिवस बघायचे.

समजा, लेकीच्या बाळंतपणासाठी आई 5 फेब्रुवारी 2026 ला म्युनिकला पोहोचली आणि 6 मार्चला निघाली. झाले 30 दिवस. मग 10 मे रोजी पुन्हा गेली. घरच्यांना वाटतं, आता नवे 90. प्रत्यक्षात शिल्लक 60 आहेत आणि ते 8 जुलैला संपतात. फेब्रुवारीतला पहिला दिवस मागच्या 180 दिवसांच्या बाहेर पडतो 4 ऑगस्टला. तिथून पुढे जुने दिवस एकेक करून सुटतात, म्हणून त्या दिवशी पुन्हा गेली तर सलग 30 दिवस, 2 सप्टेंबरपर्यंत राहता येईल. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे. वहीतल्या तारखा त्यात भरून ताळा करा.

व्हिसाच्या स्टिकरवर कधीपासून कधीपर्यंतच्या तारखा असतात आणि वेगळ्या चौकटीत मुक्कामाच्या दिवसांचा आकडा असतो. तिथे 30 लिहिलं असेल तर 30च, मग मुदत सहा महिन्यांची का असेना. आता शेंगेनमध्ये 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करणारी यंत्रणा आली आहे. ती दिवस आपोआप मोजते. पासपोर्टवर शिक्काच नसेल तर तुमच्याकडे पुरावा म्हणून बोर्डिंग पास हवेत. ते फेकू नका, फोटो काढून ठेवा.

थायलंडमध्ये शिक्क्यावरच ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. खिडकीसमोरून हलायच्या आत ती तारीख वाचा. चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. जादा राहिलात तर दिवसाला 500 बाट दंड आहे, कमाल 20,000. हा जादा मुक्काम 90 दिवसांहून जास्त लांबला तर पुन्हा येण्यावर बंदीही येते.

परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. विमान रद्द होतं, तब्येत बिघडते. दोन-तीन दिवस राखून ठेवा. तरीही अडकलात, तर मुदत संपायच्या आत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जा. सोबत दवाखान्याचा कागद किंवा विमान कंपनीचं पत्र न्या आणि अर्ज दिल्याची पोच घ्या.