लाडका नायक खलनायक करताय? या चुका टाळा

आमच्या बडोद्यातल्या लेखनगटात दर पावसाळ्यात हा विषय निघतोच. आपल्याला जीव की प्राण असलेला कथेतला नायक घ्यायचा आणि तो खलनायक असता तर काय झालं असतं ते लिहायचं. फास्टर फेणे, चिमणराव, शेरलॉक होम्स, कोणीही चालतो. नव्या मुलांना हा विषय फार आवडतो आणि मलाही आवडतो, कारण नायकाचा इतका बारकाईनं विचार एरवी कोणी करत नाही. पण येणाऱ्या दहा गोष्टींतल्या आठ त्याच त्या खड्ड्यांत पडतात. ते खड्डे आधीच दाखवून दिलेले बरे.

माणूसच बदलून टाकणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलते. नायकाचं फक्त नाव ठेवायचं, बाकी सगळं काढून टाकायचं आणि आत एक तयार दुष्ट माणूस बसवायचा. काळे कपडे, गडगडाटी हास्य, जगावर राज्य करायची इच्छा. असा माणूस कोणत्याही नावानं चालतो. मग चिमणरावाचं नाव कशाला घेतलंत?

दांडिया बाजाराकडच्या एका मंडळानं गणेशोत्सवात अशीच एकांकिका केली होती. लिहिणारा मुलगा कॉलेजात पहिल्या वर्षाला, हुशार आणि अतिशय उतावळा. मला तालमीला बोलावलं होतं. चिमणराव एका सावकाराच्या चहात विष घालतो, घर बळकावतो आणि शेवटी गुंड्याभाऊ येऊन त्याला दंडुक्यानं लोळवतो, अशी संहिता. मी विचारलं, ‘यातला चिमणराव कुठला? कुठलं पुस्तक वाचलंस?’ त्यानं आजोबांकडून ऐकलं होतं आणि जुन्या मालिकेचे दोन तुकडे मोबाइलवर पाहिले होते. तेवढ्यावर चिमणराव! मी म्हणाले, प्रयोग पुढे ढकला, आधी वाचा. उत्तर आलं, ‘ताई, परवा प्रयोग आहे, स्मोक मशीनचे पैसेही दिलेत.’

प्रयोगाला पहिल्या चार रांगा आजी-आजोबांच्या. दूरदर्शनवर प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहून त्याच्या प्रेमात पडलेली ही पिढी. काळी शेरवानी घालून, धुरातून खदाखदा हसत चिमणराव आला तसे सगळे कौतुकानं हसायला लागले. त्यांना वाटलं, सावकाराला घाबरवायला चिमणरावांनी सोंग घेतलंय, आता फजिती होणार. विषाच्या प्रवेशातही ते फजितीची वाट बघत होते. गुंड्याभाऊनं दंडुका उचलला तेव्हा तर टाळ्या थांबेनात. लेखकाला हवी होती ती भीती सभागृहात एक क्षणही आली नाही. नंतर एक आजी विंगेपाशी येऊन त्या मुलाला म्हणाल्या, ‘छान केलंत हो बाळा. पण चिमणराव आलेच नाहीत शेवटपर्यंत.’

आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. चिमणराव त्या एकांकिकेत नव्हतेच.

तो मुलगा फार खट्टू झाला, पण लिहिणं सोडलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढचे काही रविवार आम्ही चि. वि. जोशींच्या मूळ कथा मोठ्यानं वाचल्या. बडोद्यात बसून त्या वाचताना वेगळंच वाटतं, कारण चि. वि. इथल्याच कॉलेजात पाली शिकवायचे. वाचता वाचता त्याच्याच लक्षात आलं की या कथा चिमणराव स्वतः सांगतात. घरात जे काही घडतं ते आपल्याला त्यांच्याच तोंडून कळतं. बायको काऊचं, मुलगा मोरूचं, गुंड्याभाऊचं, सगळ्यांचं वर्णन त्यांचं. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण ते स्वतःवरही हसतात.

मग नवा प्रवेश लिहिला गेला आणि कोजागिरीच्या बैठकीत वाचला गेला. घरी पाहुणे जेवायला बसलेत. चिमणराव गाडी चुकल्याचा किस्सा रंगवून सांगतायत: काऊ तिकिटं घरीच विसरली, मग कशी धावपळ झाली, मोरू कसा रडला. पाहुणे हसून लोटपोट. काऊ ताक वाढतेय. एकाही वाटीतलं ताक सांडत नाही, एवढंच तिच्याबद्दल लिहिलं होतं. पाहुणे गेल्यावर ती म्हणते, ‘तिकिटं तुमच्या कोटात होती.’ चिमणराव पान लावता लावता म्हणतात, ‘असू दे गं. हसले ना सगळे?’

बैठकीत कोणी हललं नाही. विष नाही, धूर नाही, दंडुका नाही. चिमणराव तेच, तसेच गोड, तसेच गप्पिष्ट. फक्त त्यांच्या किश्श्यांची किंमत इतकी वर्षं कोण देत होतं ते दिसलं. मूळ काऊवर असा अन्याय झालाय असं मला म्हणायचं नाही. हा त्या मुलानं केलेला ‘असं असतं तर’. पण तो मूळ कथेच्या सांगण्याच्या रीतीतून उगवलेला आहे, म्हणून आजींनाही तो चिमणराव लगेच ओळखू आला असता.

मी स्वतः काय करते ते सांगते. कोऱ्या कागदावर नायकाचा आपल्याला सर्वांत आवडणारा एकच गुण लिहिते. खाली लिहिते, हा गुण कोणाला महागात पडेल? त्या माणसाचं नाव सापडेपर्यंत गोष्टीची पहिली ओळ लिहीत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, पुण्यात विद्याभवनात शिकणारा. त्याचा गुण म्हणजे संशय आला की स्वस्थ न बसणं. आता समजा, बरेच महिने काही भानगडच घडली नाही. स्वस्थ बसता न येणारा हा मुलगा काय करेल? एखाद्या निरुपद्रवी शिपायावर संशय घेईल? पुरावा कमी पडला तर तो तयार करेल? इथून पुढे गोष्ट आपोआप चालायला लागते.

नायकाचं बोलणं बदलणं

दुष्ट झाला म्हणून फेणे शिव्या देत नाही आणि सिगारेटही ओढत नाही. तो जिभेनं नेहमीचं ‘ट्टॉक्’च करतो. फक्त त्या शिपायाची नोकरी गेल्याचं कळल्यावर करतो. अंगावर काटा येतो तो त्या ओळखीच्या आवाजानं. लिहिण्याआधी मूळ पुस्तकातली नायकाची बोललेली दहा-बारा वाक्यं हातानं उतरवून काढा. टाइप नको, फोटो नको, हातानंच. लकब बोटांत बसते.

जुळा भाऊ, स्मृतिभ्रंश, शेवटी स्वप्न

नको.

लहानपणीचा अन्याय

माझी दुसरी डोकेदुखी. नायक वाईट का झाला हे सांगायला तीन पानं बालपण. आई गेली, मास्तरांनी मारलं, पावसात एकटा उभा राहिला. नवशिक्यांना वाटतं, कारण दिलं की पात्र खोल होतं. होतं उलटंच. वाचकाला त्याची दया येते, दया आली की भीती जाते आणि त्याच्यामुळे ज्याचं नुकसान झालं तो माणूस गोष्टीतून गायब होतो.

गटातल्या एका मुलीनं होम्सचं असंच बालपण रचलं होतं. मी तिला म्हणाले, ही तीन पानं बाजूला ठेव आणि मिल्व्हर्टन नावाच्या ब्लॅकमेलरची गोष्ट पुन्हा वाच. 1904 सालची गोष्ट आहे. आमची मुलं होम्स इंग्रजीतून सहज वाचतात, तेव्हा तीही सबब नाही. त्यात मिल्व्हर्टनच्या घराची माहिती काढायला होम्स प्लंबरचं सोंग घेतो आणि तिथल्या अगाथा नावाच्या मोलकरणीशी चक्क लग्न ठरवतो. वॉटसन विचारतो, त्या मुलीचं काय? होम्स खांदे उडवतो. तिच्यावर दुसऱ्या कोणाचातरी डोळा आहे, मी पाठ वळवली की तो तिला पटकावेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलून विषय संपवतो. मग दोघं रात्री घर फोडतात. तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाई मिल्व्हर्टनला गोळ्या घालते, होम्स तिजोरीतली पत्रं जाळतो आणि दुसऱ्या दिवशी पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड मदत मागायला येतो तेव्हा या प्रकरणात हात घालायला नकार देतो. मिल्व्हर्टन इतका नीच आहे की वाचताना आपण शंभर टक्के होम्सच्या बाजूनं असतो.

त्या मुलीनं यात एक बारकावा पकडला, जो माझ्या कधी मनात आला नव्हता. मिल्व्हर्टनच्या बागेत रात्री एक भयंकर कुत्रा मोकळा असतो. होम्सला भेटायला येता यावं म्हणून अगाथा त्याला कोंडून ठेवते. हे होम्सच वॉटसनला सांगतो, एका वाक्यात, सोय झाली एवढ्याच अर्थानं. मुलीची गोष्ट तिथे सुरू झाली. मालकाचा खून झालाय. इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात नोकरांना ओळीनं उभं करून विचारतो, काल रात्री कुत्रा कोणी कोंडला होता? अगाथाला उत्तर माहीत आहे. आपला प्लंबर आज येईल, सगळं नीट सांगेल, म्हणून ती गप्प राहते. संध्याकाळ होते. तो येत नाही. पूर्ण गोष्टीत होम्स एकदाही दिसत नाही आणि त्याच्या बालपणाचा एक शब्दही नाही. तरी गोष्ट संपते तेव्हा त्याचा राग येतो, अगदी मनापासून.

सगळा माल मूळ गोष्टीतच पडलेला होता. म्हणून सारांश वाचून लिहिणाऱ्यांशी माझं पटत नाही. सारांशात खून असतो, तिजोरी असते, कुत्रा नसतो. आता तर मशीनला विचारलं की अर्ध्या मिनिटात दहा ओळींत गोष्ट मिळते आणि मुलं त्यावर लिहायला बसतात. इथली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली, मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. मग लागू दे वेळ. रोज दोन पानं वाचा, अडलेला शब्द आजीला विचारा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, सयाजीरावांनी 1910 साली सुरू केलेलं ग्रंथालय आहे ते. सावकाश वाचणाऱ्यालाच कुत्रा सापडतो, असं मी बघत आलेय.

इतर सगळ्यांना मूर्ख करणं

नायक दुष्ट झाला की लेखक भोवतीच्या माणसांची अक्कल काढून घेतो, म्हणजे कोणाला काही कळू नये. वॉटसन डॉक्टर आहे, युद्ध पाहून आलेला आहे. त्याला संशय येऊ द्या. संशय येऊनही तो गप्प का बसतो, हे लिहिण्यासारखं आहे.

नायक काळा म्हणून खलनायक पांढरा

वजनाचा काटा असल्यासारखं एक पारडं खाली घातलं की दुसरं वर जातं, असं बऱ्याच जणांना वाटतं. होम्स वाईट म्हणून मिल्व्हर्टन संत होत नाही. संस्कृत नाटककार भासाचं ‘ऊरुभंग’ वाचा. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन, बापाच्या मांडीवर बसायला आलेला छोटा दुर्जय आणि मुलाला मांडीवर घेता येत नाही म्हणून तुटणारा तो बाप. दुर्योधनासाठी आपले डोळे भरून येतात, पण त्यासाठी भासानं पांडवांना राक्षस केलेलं नाही. गदायुद्धातला भीमाचा अधर्म जेवढा आहे तेवढाच ठेवलाय.

भासाचं नाव निघालं की मुलं विचारतात, मग आम्ही रामायण-महाभारतातलं पात्र घेऊ का? पहिल्या प्रयत्नात तरी नको, असं माझं मत आहे. तिथे वाचकाची श्रद्धा गुंतलेली असते, ती सांभाळायला हात मुरलेला लागतो. आधी कथा-कादंबऱ्यांतली माणसं घ्या.

धक्का शेवटासाठी राखून ठेवणं

आठ पानं नायक चांगला आणि शेवटच्या ओळीत ‘आणि तो हसला’. यात नायकाला खलनायक म्हणून जगायला एक ओळ मिळते. पहिल्याच पानावर उघड करा आणि पुढची सात पानं त्याच्यासोबत काढा. तुम्हाला ते जमत नसेल तर बहुधा वरचा कागद अजून कोरा आहे.

आवडत नसलेला नायक निवडणं

सूड उगवायला लिहिलेली गोष्ट पहिल्या पानावर ओळखू येते. ज्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपलात तोच घ्या. लिहिताना तुमचा हात थरथरला पाहिजे, नाहीतर वाचकाचं काळीज कसं हलणार?

परवानगीचा विचार शेवटी करणं

गटात वाचायला लिहिणं वेगळं आणि छापणं किंवा तिकीट लावून प्रयोग करणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. चि. वि. जोशी 1963 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या कथा 2024 पासून मोकळ्या झाल्या. कॉनन डॉयल 1930 मध्ये गेले, त्यांचा प्रश्न नाही. भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे फास्टर फेणेवर बाहेर काही करायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी पत्र लिहा. पत्रात आपली गोष्ट नीट सांगा आणि तुम्ही फेणेला काय करायला लावताय तेही लपवू नका. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा गणेशोत्सवात प्रयोग हवा असेल तर पत्र उन्हाळ्यातच पाठवा आणि हॉल त्यानंतर ठरवा.