सैनिकी डॉक्टर, परिचारिका आणि नर्सिंग असिस्टंट यांची घरातली छायाचित्रे: जपावीत, वाचावीत आणि इतरांना दाखवावीत कशी

घरातल्या कोणी आर्मी मेडिकल कोअरमध्ये, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये किंवा एखाद्या पलटणीबरोबर नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केली असेल, तर त्या व्यक्तीची छायाचित्रे इतर फौजी छायाचित्रांपेक्षा एका बाबतीत वेगळी असतात. त्यांत पुष्कळदा आपल्या घरचा नसलेला आणखी एक माणूस असतो. तो स्ट्रेचरवर असतो, प्लास्टरमध्ये असतो, भुलेत असतो आणि क्वचित समोरच्या पक्षाचा सैनिकही असतो. छायाचित्र आपल्या आजोबांचे असले तरी त्या माणसाचा चेहरा आपल्या मालकीचा होत नाही. त्यामुळे अशी छायाचित्रे जुन्या सहकाऱ्यांना, नातेवाइकांना किंवा इतिहासात रस असणाऱ्यांना दाखवण्यापूर्वी ती नीट वाचावीत, त्यांवर अचूक मजकूर लिहावा आणि मगच कोणते छायाचित्र कोणाला दाखवायचे ते ठरवावे.

पेटीतून काढताना

छायाचित्रे ज्या पाकिटात, ज्या क्रमाने किंवा अल्बमच्या ज्या पानावर सापडतात, तो क्रम हाच पहिला पुरावा असतो. म्हणून काहीही सुटे करण्याआधी प्रत्येक पानाचा आणि पाकिटाचा जसा आहे तसा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. चिकट पानांच्या अल्बममधली छायाचित्रे ओढून काढू नयेत. दात साफ करण्याचा पातळ धागा छायाचित्राच्या मागून हलकेच पुढे-मागे फिरवला की ती बहुधा सुटतात, आणि सुटत नसतील तर पानासकटच स्कॅन करावीत. बुरशी किंवा कसर लागलेली छायाचित्रे ओल्या फडक्याने पुसू नयेत. कोरड्या हवेत ठेवून मऊ ब्रशने झटकावीत. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नये. मागे लिहायचे असल्यास कडेला मऊ पेन्सिलीने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी सोडून घरातले कोरडे कपाट वापरावे, कारण चार पावसाळ्यांत ती पेटी जे नुकसान करते ते नंतर भरून निघत नाही.

स्कॅन करताना निदान ६०० डीपीआय ठेवावे आणि कृष्णधवल छायाचित्रही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावे, म्हणजे पिवळेपणा, शाईचे शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा दिसत राहतात. मागची बाजू स्कॅन करायला लोक हमखास विसरतात. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव किंवा पत्नीला लिहिलेली एखादी ओळ तिथेच असते.

गणवेश काय सांगतो

पहिल्यांदा छायाचित्र सुलटे आहे की नाही ते पाहावे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली जुनी छायाचित्रे बरीच सापडतात. पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात, पुरुषी सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, आणि १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सैनिकाची रेडक्रॉसची पट्टी डाव्या दंडावर बांधायची असते. हे सगळे उजवीकडे दिसत असेल, तर माणूस चुकलेला नसून छायाचित्र उलटे झाले आहे असे समजावे.

त्यानंतर खांदे पाहावेत. २६ जानेवारी १९५० नंतर ब्रिटिश राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, त्यामुळे मेजरच्या खांद्यावर मुकुट दिसत असेल तर छायाचित्र त्याआधीचे किंवा फार तर बदलाच्या काळातले असते. टोपीवरच्या बिल्ल्यालाही हेच लागू पडते: दंडाला वेढा घातलेला एकच साप आणि भोवती पानांची माळ ही मेडिकल कोअरची खूण दोन्ही काळांत राहिली, पण माळेच्या वरचे चिन्ह बदलले. ही कोअर ३ एप्रिल १९४३ रोजी उभी राहिली. त्यापूर्वीचे अधिकारी डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे असत आणि त्यांच्या खालच्या श्रेणीतले डॉक्टर इंडियन मेडिकल डिपार्टमेंटचे. ‘पणजोबा डॉक्टर होते’ आणि ‘पणजोबा सुभेदार होते’ अशा दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या आठवणी एकाच घरात ऐकू येतात, आणि पुष्कळदा दोन्ही खऱ्या असतात, कारण या डिपार्टमेंटमधल्या सब-असिस्टंट सर्जनना जमादार किंवा सुभेदार असा हुद्दा असे. तेव्हा एक आठवण खोटी ठरवण्याची घाई करू नये.

दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, असे धरून चालल्याने सर्वांत जास्त गोंधळ होतो. सुभेदाराच्या खांद्यावरही दोनच तारे असतात. फरक ताऱ्यांच्या खाली आडव्या लावलेल्या लाल-पिवळ्या-लाल फितीचा असतो, जी कृष्णधवल छायाचित्रात मधे फिकट आणि दोन्ही कडांना गडद अशी दिसते. भिंग घेऊन किंवा स्कॅन मोठा करून ही फीत शोधावी. सुभेदार-मेजर आणि मेजर यांच्यातला फरकही हीच फीत सांगते.

पदकांवरून छायाचित्राचा काळ ठरवताना एक पथ्य पाळावे: एखादी फीत दिसली म्हणजे छायाचित्र त्या घटनेनंतरचे आहे एवढेच सिद्ध होते, फीत दिसत नाही म्हणून ते आधीचे आहे असे म्हणता येत नाही, कारण पदके हातात पडायला कधी कधी वर्षे लागतात. १९७१ च्या युद्धासाठी संग्राम मेडल, पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार दिले गेले. काका ढाक्याच्या बाजूला होते अशी घरातली समजूत असेल आणि छातीवर पश्चिमी स्टार असेल, तर त्या समजुतीची पुन्हा चौकशी करावी. संयुक्त राष्ट्रसंघाची निळी टोपी दिसली तर छायाचित्र १९५६ किंवा त्यानंतरचे असते, कारण ती टोपी त्या वर्षी इजिप्तमधल्या सिनाईत गेलेल्या शांतिसेनेपासून सुरू झाली. कोरियात १९५० च्या अखेरीस गेलेल्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या भारतीय वैद्यकीय तुकडीतल्या माणसांची ओळख मात्र पॅराशूट दलाची मरून बेरेट ही होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालच्या या तुकडीने प्याँगयांगमधून माघार घेताना औषधे आणि उपकरणे टाकून न देता सापडलेल्या आगगाडीत भरली आणि ती गाडी स्वतः चालवून दक्षिणेकडे आणली. पुढे मार्च १९५१ मध्ये तिच्यातले काही जण अमेरिकन छत्रीधारी तुकडीबरोबर मुनसान-नी येथे उतरले.

संस्थेच्या तारखाही उपयोगी पडतात. पुण्याचे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज १९४८ मध्ये सुरू झाले, पण एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी तिथे आली ती ऑगस्ट १९६२ मध्ये. त्याआधीच्या छायाचित्रातले तरुण हे शिक्षण संपवून पुढच्या प्रशिक्षणासाठी आलेले अधिकारी असतात. शिवाय गणवेश दिसला म्हणजे सैन्य भारतीयच असेल असे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत रुजू झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले; चिनी सैनिकी पोशाखातले त्यांचे छायाचित्र याच कारणाने अनेकांना बुचकळ्यात टाकते.

जुन्या माणसांशी बोलताना

गणवेश न सांगू शकणाऱ्या गोष्टी माणसेच सांगतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत अजूनही दर दुसऱ्या घरी एखादे सुभेदारसाहेब किंवा हवालदार-आबा भेटतात, आणि दुसरीकडे राहणाऱ्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकांच्या संघटनांचा पत्ता लागू शकतो. छायाचित्र हातात द्यावे आणि आपला अंदाज आधी सांगू नये. ‘आबा, हे कारगिलचं ना?’ असे विचारले की आबा होकार देतात आणि विषय संपतो. त्याऐवजी कामाबद्दल विचारावे. पाणी कुठून आणत होता, हत्यारे कशावर उकळत होता, स्ट्रेचर किती जण उचलत, रात्री तंबूत उजेड कशाचा असे, सलाइनची बाटली टांगायला काय वापरत? अशा प्रश्नांवर ऐंशी वर्षांचा माणूसही तासभर सहज बोलतो, आणि त्यातूनच छायाचित्रातली ती फळी काय आहे, तो डबा कशाचा आहे, हे उलगडते. किती माणसे गेली हा प्रश्न आपण होऊन काढू नये. त्यांनी काढला तर मधे न बोलता ऐकावा, आणि ध्वनिमुद्रण चालू असेल तर ते बंद करू का, हे विचारावे.

मजकूर लिहिताना

छायाचित्राखालच्या मजकुरात पाहिलेले, ऐकलेले आणि अंदाजाने ठरवलेले या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात. उदाहरणार्थ: ‘डावीकडून दुसरे आमचे आजोबा, कॅप्टन, आर्मी मेडिकल कोअर. मागे तंबू आणि रेडक्रॉसचा झेंडा. आजीच्या सांगण्यानुसार हे ठिकाण जम्मूजवळचे. खांद्यावरच्या सिंहांवरून १९५० नंतरचे’ असे लिहिले, तर पुढचा वाचक यातला नेमका एक भाग दुरुस्त करू शकतो, आणि या नमुन्यात त्याने तो करायलाच हवा, कारण कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात. सिंह दिसत असतील तर आजोबा तोवर निदान मेजर झालेले असणार.

‘फील्ड अँब्युलन्स’ हे तुकडीचे नाव आहे, गाडीचे नव्हे. ‘आजोबा अँब्युलन्सवर होते’ असे लिहिल्याने शंभराहून अधिक माणसांच्या एका युनिटचा अधिकारी वाचकाच्या डोळ्यांसमोर ड्रायव्हर म्हणून उभा राहतो. पलटणीबरोबर राहणारा डॉक्टर रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर असतो आणि त्याचे ठिकाण म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट, पलटणीचे प्रथमोपचाराचे ठाणे. त्याला सरसकट ‘इस्पितळ’ म्हणू नये. परिचारिकांच्या बाबतीत तर कुटुंबीयच अन्याय करतात. १९४३ च्या अध्यादेशापासून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या परिचारिका राजादिष्ट (कमिशन मिळालेल्या) आणि पुढे राष्ट्रपतींनी नेमलेल्या अधिकारी आहेत, तरी अल्बममध्ये शेजारच्या काकांचा हुद्दा पूर्ण लिहिलेला असतो आणि मावशींपुढे नुसते ‘नर्स’. लेफ्टनंट असतील तर लेफ्टनंट लिहावे, मेजर असतील तर मेजर.

इतरांना दाखवताना

ज्या छायाचित्रात रुग्णाचा चेहरा ओळखू येतो, ते त्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या परवानगीशिवाय सर्वांसमोर ठेवू नये. भारतातल्या डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डॉक्टरांच्या नातवाला ती कदाचित लागू होत नसेल, पण ज्या विश्वासावर ते छायाचित्र काढले गेले तो विश्वास त्यालाही वारशातच मिळाला आहे. चेहरा झाकायचा असेल तर प्रतीवर झाका, मूळ स्कॅनवर नव्हे, आणि धूसर करण्याऐवजी पूर्ण काळा चौकोन लावा, कारण अर्धवट धूसर केलेला चेहरा ओळखीच्या माणसाला सहज ओळखू येतो. उघड्या जखमा, शस्त्रक्रिया आणि मृतदेह यांची छायाचित्रे कुटुंबाच्या संग्रहात राहू द्यावीत. अभ्यासकाने मागितली तर त्याला स्वतंत्रपणे दाखवता येतात.

युद्धकैद्यांबाबत नियम आणखी स्पष्ट आहे. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १३ व्या कलमाने कैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण दिले आहे. १९७१ नंतर भारतीय सैनिकी रुग्णालयांत उपचार घेणारे पाकिस्तानी सैनिक किंवा १९५३-५४ मध्ये कोरियात भारतीय कस्टोडियन फोर्सच्या ताब्यात असलेले, मायदेशी परतण्यास नकार दिलेले कैदी अशा छायाचित्रांत दिसू शकतात. त्यांतल्या कोणाच्या कुटुंबाला त्या नकाराची किंमत मोजावी लागली असेल हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, तेव्हा ते चेहरे झाकावेत.

नातेवाईक सध्या सेवेत असेल, तर त्याचे कर्तव्यावरचे कोणतेही छायाचित्र त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय पुढे पाठवू नये, आणि त्याने होकार दिला तरी युनिटचे नाव, ठिकाण, तारीख आणि मागचा डोंगर किंवा इमारत दिसता कामा नये. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने आपल्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. ज्या गोष्टी त्यांना टाकता येत नाहीत त्या आपण त्यांच्या वतीने टाकणे म्हणजे मागच्या दाराने तेच करणे. सैनिकी गाडीच्या पाटीवर बाणानंतरचे दोन आकडे गाडी दाखल झाल्याचे वर्ष सांगतात, हे जुन्या छायाचित्राला उपयोगी आहे, पण ताज्या छायाचित्रात ती पाटी झाकावी. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची नोंद लपलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ती बहुधा जाते आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. जुने स्कॅन मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावेत, नाहीतर खांद्यावरची ती फीत पलीकडच्याला दिसणारच नाही.

डिस्चार्ज बुक, सेवा क्रमांक आणि पेन्शनचा कागद यांचे फोटो कोणालाही पाठवू नयेत. पेन्शनच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना एवढे पुरते. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणजे रेडक्रॉसचे चिन्ह. संग्रहाच्या मुखपृष्ठावर शोभेसाठी ते काढायचा मोह अनेकांना होतो, पण १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार भारतात सरकारच्या परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही.

छायाचित्र पाहून कोणी दुरुस्ती कळवली, तर जुना मजकूर पुसू नये. त्याखाली दुरुस्ती, ती कोणत्या आधारावर कळवली ते आणि तारीख लिहावी. एखाद्याने ‘हा माझा भाऊ आहे, काढून टाका’ असे सांगितले, तर पुरावा न मागता आधी काढावे आणि बोलणे नंतर करावे.