दोन मॉनिटर जोडले आणि रिझोल्यूशन बिघडलं? या चुका टाळा

दुसरा मॉनिटर लावला की त्याच्यावर सगळं फुगलेलं नाहीतर धुरकट दिसतं, मग आपण डिस्प्ले सेटिंग्ज उघडतो, पाहिजे ते रिझोल्यूशन यादीत नाहीच, आणि मग ड्रायव्हर काढ, परत टाक, कुठलं तरी फुकटचं सॉफ्टवेअर डाऊनलोड कर असले उद्योग सुरू होतात. थांबा जरा. त्या यादीत काय दिसणार हे बरंचसं मॉनिटर ठरवतो, तो केबलमधून स्वतःची माहिती पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, आणि ती मधेच कुठे अडकली की कॉम्प्युटर बिचारा १०२४ बाय ७६८ सारखं काहीतरी देऊन मोकळा होतो. म्हणून आधी केबल, मग सेटिंग.

मधला स्प्लिटर, केव्हीएम स्विच (एकाच कीबोर्ड-मॉनिटरवर दोन कॉम्प्युटर चालवायचा डबा), व्हीजीए कन्व्हर्टर जे काय असेल ते काढा आणि मॉनिटर सरळ कॉम्प्युटरला लावून बघा. तरी तेच? मग दोन्ही केबल एकाच प्रकारच्या असतील तर मॉनिटरकडची टोकं आपसात बदला. प्रॉब्लेम दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर केबल किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट, तिथेच राहिला तर मॉनिटर किंवा त्याची सेटिंग. दोन मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही.

आणि डेस्कटॉपमधे वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे वाकून बघाच, एक केबल कार्डला आणि दुसरी मदरबोर्डच्या पोर्टला असं सर्रास झालेलं असतं. दोन्ही कार्डलाच लावा.

४के म्हणजे ३८४० बाय २१६० वाल्यांचं दुखणं वेगळं. रिझोल्यूशन बरोबर येतं पण माऊस अडखळत चालतो, कारण एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० वेळा चित्र बदलत, चालतं. ६० पाहिजे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, तेही कॉम्प्युटर, केबल, मॉनिटर आणि मधे डॉक (एका केबलवर लॅपटॉपला जादा पोर्ट देणारा डबा) असेल तर तो, सगळीकडे, एक कडी जुनी असली की संपलं. डॉकवर दोन ४के मॉनिटर लावले तर बँडविड्थ, म्हणजे केबलमधून डेटा जायची क्षमता, दोघांत वाटली जाते हेही लक्षात ठेवा. सिंगल लिंक डीव्हीआय तर ६० हर्ट्झला १९२० बाय १२०० च्या पुढे जातच नाही, तिथे २५६० बाय १४४० शोधत बसू नका.

आता सेटिंगमधल्या चुका. सगळ्यात मोठी म्हणजे डुप्लिकेट मोड, दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र. लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर डुप्लिकेटवर ठेवला की दोघांना झेपेल असं एकच रिझोल्यूशन मिळतं आणि चांगल्या मॉनिटरची वाट लागते. विंडोज की आणि पी दाबा, एक्स्टेंड निवडा.

दुसरी चूक, अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणं! हे करू नका हो. एलसीडीचे पिक्सेल मोजून ठरलेले असतात, नेटिव्ह, म्हणजे मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन, सोडून दुसरं काहीही लावलं की अक्षरं पसरट दिसणारच. त्यासाठी डिस्प्ले सेटिंग्जमधे स्केल आहे, त्याने फक्त अक्षरं आणि आयकॉन मोठे होतात, १२५ किंवा १५० टक्के करा, रिझोल्यूशनला हात लावू नका. आणि दोन मॉनिटरचं स्केल वेगळं असेल तर काही जुनी अ‍ॅप एकावरून दुसऱ्यावर ओढल्यावर धुरकट होतात, तो दोष त्या अ‍ॅपचा. बंद करून त्याच मॉनिटरवर परत उघडलं की कधीकधी सुधारतं, काही अ‍ॅप साइन आउट केल्याशिवाय ऐकतच नाहीत.

टीव्ही जोडलाय आणि कडा कापल्या जातायत, टास्कबार अर्धाच दिसतोय, तर तो ओव्हरस्कॅन, टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतो. टीव्हीच्या पिक्चर मेनूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट असल्या नावाने तो बंद करायची सोय असते.

ड्रायव्हरचं म्हणाल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असं दिसलं तरच आधी ड्रायव्हरच्या मागे लागा, कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आणि रिझोल्यूशन बदलल्यावर स्क्रीन काळी झाली तर घाबरून पॉवर बटण दाबू नका, काहीच न करता बसा, तुम्ही होकार दिला नाही की विंडोज १५ सेकंदांत आपोआप जुन्या सेटिंगवर येतं.