‘टी’ला बोलावले म्हणजे जेवायला बोलावले: उत्तर इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड किंवा मँचेस्टर या भागात नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांना घर, बँकेचे खाते आणि डॉक्टरकडील नोंदणी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘टी’ या एवढ्याशा शब्दाविषयी मात्र कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात सर्वाधिक घोटाळा याच शब्दाने होतो.

येथील बहुतेक सर्वसामान्य घरांत संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास होणाऱ्या मुख्य जेवणाला ‘टी’ म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला ‘डिनर’. मूल पाळणाघरात जात असेल, तर रोजच्या नोंदवहीत ‘टी: टोस्टवर बीन्स’ असे लिहिलेले दिसेल, त्याचा अर्थ मुलाला चहा पाजला असा नसून, चारच्या आसपास त्याला हलके जेवण दिले असा आहे. शाळेतील दुपारचे जेवण देशभर ‘स्कूल डिनर’ याच नावाने ओळखले जाते. इंग्लंडमधील सरकारी शाळांत रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सर्व मुलांना ते 2014 पासून विनामूल्य मिळते, त्यामुळे फॉर्मवर ‘डिनर’ हा शब्द पाहून रात्रीचा काही कार्यक्रम असावा असे समजून तो रकाना मोकळा सोडू नये.

यामागचा इतिहास रंजक आहे. ‘डिनर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ उपास सोडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे मुळात ते दिवसातील पहिले भरपेट खाणे होते. पुढे उच्चवर्गीयांचे डिनर सरकत सरकत रात्रीपर्यंत गेले, कष्टकऱ्यांचे मात्र दुपारीच राहिले. ‘टी’ची वाट आणखी लांबची. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरील बोलीत या पेयाला ‘ते’ म्हणत. डच व्यापाऱ्यांनी तो उच्चार युरोपात नेला आणि इंग्रजीतही कित्येक दशके ‘टे’ असाच उच्चार प्रचलित होता. चीनच्या इतर भागांतील ‘चा’ या उच्चारातून आपल्याकडील चहा आणि चाय आले. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या अधिकाऱ्याने आपण प्रथमच चहा प्यायल्याची नोंद 1660 मध्ये रोजनिशीत केली आहे. दोनच वर्षांनी दुसऱ्या चार्ल्सशी विवाह करून आलेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनने हे पेय दरबारात रूढ केले. तिच्याच हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांकडे आले, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेले असेल. चहावरील जबर कर 1784 मध्ये 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला आणि चहा गरिबाच्या घरात पोहोचला. पुढे यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरण्यांतून संध्याकाळी घरी परतणारा कामगार पाव, चीज, थंड मांस आणि कडक चहा असे जे जेवण घेई, त्या सबंध जेवणालाच चहाचे नाव पडले. आपल्याकडेही ‘चहापाणी’ म्हणताना कपातला चहा क्वचितच अभिप्रेत असतो, तेव्हा यात फारसे नवल वाटू नये.

व्यवहारात याचा उपयोग असा, की कोणी ‘टी’ला बोलावले तर आधी वेळ पाहावी. तीन-चारची वेळ असेल, तर चहा आणि केकवर भागेल. पाचची असेल, तर घरून जेवून जाऊ नये. मुलाच्या मित्राच्या घरून शाळा सुटल्यावर ‘टी’चे आमंत्रण आले, तर मूल जेवूनच परतेल, आणि त्याला सहाच्या सुमारास आणायला जायचे असते. परतफेडीला त्यांचे मूल आपल्याकडे येईल तेव्हा त्याला चार वाजता बिस्किटे देऊन आपल्या नेहमीच्या साडेआठच्या जेवणापर्यंत थांबवणे योग्य नाही; पाचच्या ठोक्याला पास्ता किंवा पोळीभाजी पुढे ठेवावी. शाकाहारी असल्यास ते आधीच आणि तपशीलवार कळवावे, कारण काही घरांत मासे शाकाहारात धरले जातात आणि मुलांच्या जेलीत बहुधा प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते. दक्षिणेतील सहकारी मात्र रात्रीच्या जेवणाला डिनर म्हणतील, म्हणून बोलणारा कुठला आहे हेही लक्षात घ्यावे.

राहता राहिला प्रत्यक्ष चहा. त्याला इकडे ‘ब्रू’ म्हणतात. कार्यालयात स्वतःसाठी ब्रू करायला उठलात तर आसपासच्या सर्वांना विचारण्याची पद्धत आहे. एकट्यापुरता कप भरून परतणे लोकांच्या चांगलेच लक्षात राहते. हा चहा म्हणजे कपात पिशवी, वर उकळते पाणी आणि शेवटी थंड दूध. आले घालून उकळलेला चहा हवा असेल तर तो घरीच करावा, कारण कॅफेतील ‘चाय लाटे’ बहुतेक ठिकाणी गोड सिरपातून तयार होतो.