व्हिज्युअल बेसिकमधील लेफ्ट, मिड आणि राइट पायथॉनमध्ये
व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतील ही तिन्ही फंक्शने स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या साखळीचा, अनुक्रमे डावीकडचा, मधला आणि उजवीकडचा हव्या त्या लांबीचा भाग देतात. पायथॉन या भाषेत ती स्लाइसिंगने, म्हणजे सुरुवात आणि शेवट सांगून स्ट्रिंगचा तुकडा कापून, लिहिता येतात. मात्र व्हिज्युअल बेसिकच्या मिडमध्ये अक्षरांची मोजणी 1 पासून, तर पायथॉनमध्ये 0 पासून सुरू होते. म्हणून मिडसाठी दिलेल्या स्थानातून 1 वजा करून सुरुवात ठरवावी आणि तीत लांबी मिळवून शेवट काढावा. लेफ्ट सोपे आहे: सुरुवातीपासून दिलेल्या लांबीपर्यंत स्लाइस घ्यावी. खरी अडचण राइटची: उणे लांबीपासून (पायथॉनमध्ये उणे स्थान शेवटाकडून मोजले जाते) शेवटपर्यंत स्लाइस घेतल्यास, लांबी 0 असताना रिकाम्या स्ट्रिंगऐवजी अख्खी स्ट्रिंग हाती येते, कारण उणे 0 म्हणजे 0च. त्यापेक्षा एकूण लांबीतून हवी ती लांबी वजा करावी, उत्तर उणे आल्यास 0 धरावे आणि तेथून स्लाइस घ्यावी. उणे लांबी दिल्यास व्हिज्युअल बेसिक त्रुटी दाखवते, पायथॉन मुकाट्याने भलतेच उत्तर देते. ती तपासणी आपणच लिहावी.